दोन श्रावणांचा हिशेब

दिव्यांच्या अमावास्येला घरातले दिवे घासण्याचे काम आमच्याकडे माझे. समया, निरांजने, आईच्या वेळचा लामणदिवा, सारे चिंच-मीठ लावून लखलखीत करायचे आणि पाटावर मांडून द्यायचे. पत्नी कणकेचे दिवे उकडून पूजा करी. पूजा आटोपली की मी सदरा बदलून बाहेर पडे. कारण त्याच तिथीला लोकांनी आणखी एक नाव दिले आहे. ‘गटारी’ हा शब्द या पाक्षिकात लिहिताना संकोच वाटतो. परंतु ज्या विषयावर लिहायचे ठरवले आहे, तेथे संकोच धरून चालणार नाही. दुसऱ्या दिवशी श्रावण लागणार, महिनाभर बाटलीला हात लावायचा नाही, म्हणून त्या रात्री मित्रांसह यथेच्छ प्यायची, हा आमचा पंचवीस वर्षांचा शिरस्ता होता.

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्यात मी चौतीस वर्षे तपासनीस होतो. तयार झालेला भाग मापात आहे की नाही, हे मायक्रोमीटर लावून पाहणे हे माझे काम. तिसऱ्या पाळीनंतर झोप लागत नाही, या कारणाने सुरू झालेली दारू निवृत्तीनंतरही सुटली नाही. रोज रात्री व्हिस्कीचे साठ-साठ मिलिलिटरचे दोन पेग. ना कमी, ना जास्त. घरात कधी आरडाओरडा केला नाही, पगार उडवला नाही, रस्त्यात पडलो नाही. महाराष्ट्रात मद्याचा परवाना १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली मिळतो आणि त्यात मद्यसेवनाचे कारण म्हणून आरोग्य राखण्याचा उल्लेख असतो. माझ्याजवळ आजन्म परवाना होता. ‘सरकारच प्रकृतीसाठी घ्या म्हणते,’ असा विनोद मी त्यावर करीत असे. आणि कोणी फारच विषय लावून धरला, तर हुकमी उत्तर तयार असे : ‘श्रावणात महिनाभर सोडतोच ना? मनात आणले तर कायमची सोडीन.’ श्रावण हे माझे वार्षिक प्रमाणपत्र होते.

२०२३ च्या जून महिन्यात पत्नी भिंतीवरची दिनदर्शिका चाळता चाळता म्हणाली, “अहो, यंदा श्रावण दोन आहेत.” खरेच होते. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. तो फरक भरून काढण्यासाठी साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना येतो. त्या वर्षी तो श्रावणाच्या वाट्याला आला होता. १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण आणि १७ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर निज श्रावण. एकूण साठ दिवस. ती सहज बोलून गेली. माझ्या पोटात मात्र खड्डा पडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पवनेच्या घाटावर, मोरया गोसावींच्या समाधिमंदिराजवळ, आम्ही चौघे नेहमीप्रमाणे बसलो होतो. तेथे या प्रश्नाचा खल झाला. एकाचे मत असे की, अधिक महिना हा मलमास. तो खरा श्रावण नव्हे. नेम पाळायचा तो निज श्रावणातच. दुसरा म्हणाला, अधिक महिना पुरुषोत्तमाचा, त्याचे पुण्य मोठे. तेव्हा तोच पाळावा आणि निज मोकळा सोडावा. तिसऱ्याने २००४ सालचा दाखला काढला. त्या वर्षीही श्रावणच अधिक होता आणि आम्ही तो सोयीस्करपणे गाळला होता. मीही माझ्या परीने पंचांगाचा कीस पाडला. ‘दोन्ही महिने पाळू’ हे वाक्य चौघांपैकी एकाच्याही तोंडून निघाले नाही.

घरी परतताना माझी मलाच लाज वाटली. जो मनात आणील तेव्हा सोडू शकतो, त्याला तीस आणि साठ यांतला फरक इतका का बोचावा? इतकी वर्षे श्रावणात मी काय करीत होतो, ते त्या रस्त्यावर ध्यानात आले. मी तीस दिवस बोटांवर मोजीत असे आणि एकतिसाव्या दिवसाची वाट पाहत असे. ज्याला मी नेम म्हणत होतो, ती खरे तर प्रतीक्षा होती. त्या रात्री ठरवले, साठही दिवस सोडायची. मात्र त्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा.

सल्ला घ्यावासा वाटला, त्यामागे जुनी आठवण होती. आमच्या पूर्वीच्या चाळीत एक वयोवृद्ध शेजारी होते. निवृत्तीनंतर ते दुपारपासूनच घेत. सकाळी हात थरथरू नयेत म्हणून चहाच्या आधीही घोटभर लागे. एका श्रावणात मुलांनी निग्रहाने घरातल्या बाटल्या रिकाम्या केल्या, त्यांच्या खिशातले पैसे काढून घेतले आणि दाराला कुलूप घातले. हेतू चांगलाच होता. पहिल्या दिवशी त्यांना दरदरून घाम आला, हातांना कंप सुटला. दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या झाल्या, डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसतात म्हणून ते चादरीने भिंत पुसू लागले आणि पहाटे तीन वाजता डबा मागू लागले : “पहिल्या पाळीची बस चुकेल.” कारखाना सोडून त्यांना बारा वर्षे झाली होती. कोणी म्हणाले, बाहेरची बाधा आहे. कोणी म्हणाले, म्हातारपणचा भ्रम. आम्ही दोघा-तिघांनी रिक्षात घालून त्यांना रुग्णालयात नेले, तेव्हा अंग तापले होते आणि नाडी धावत होती. तेथील डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता : “यांनी शेवटची दारू केव्हा घेतली?” नऊ दिवसांनी ते घरी आले. दैव बलवत्तर म्हणून आले.

आमच्या डॉक्टरांना मी ही हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी तिचे कारण उलगडून दाखवले. मद्य मेंदूचे काम मंद करते. वर्षानुवर्षे ते भरपूर मिळू लागले की तोल सांभाळण्यासाठी मेंदू स्वतःला अधिक उत्तेजित ठेवायला शिकतो. मग मद्य एकाएकी काढून घेतले की ती उत्तेजना तेवढी उरते. सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भास होणे, वेळ-स्थळाचे भान सुटणे असा गंभीर प्रकार घडू शकतो. उपचार न मिळाल्यास त्यात प्राण जाऊ शकतो. वेळीच नेले तर शामक औषधे, पाणी-क्षारांची भरपाई आणि ब-१ म्हणजे थायमिन हे जीवनसत्त्व देऊन रुग्णाला सुखरूप बाहेर काढता येते. म्हणून जी व्यक्ती रोज पुष्कळ पिते, जिला सकाळी उठल्याबरोबर लागते किंवा जिला दारू थांबवल्यावर पूर्वी कधी आकडी अथवा भास झाले आहेत, तिची दारू घरच्या घरी एकदम तोडू नये. ती सोडवायची, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वृद्धांच्या बाबतीत तर अशा असंबद्ध बोलण्याला वयाचा दोष समजून घरचे थांबून राहतात आणि मोलाचे तास निघून जातात.

माझी गोष्ट वेगळी होती. दरवर्षी महिनाभर थांबूनही मला कधी कंप सुटला नव्हता. त्यामुळे घरी राहून सोडायला हरकत नाही, असे डॉक्टर म्हणाले. परंतु त्यांनी माझ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, शिवाय रक्तदाबाची गोळी. ते म्हणाले, “रात्री साखर घसरली की घाम येतो, बोलणे अडखळते, तोल जातो. घरच्यांना वाटते, आज जरा जास्त झाली. दारूमुळे यकृताचे साखर पुरवण्याचे काम अडते आणि ही गोळी साखर आणखी खाली आणते. रिकाम्या पोटी दोन्ही एकत्र आले, तर झोपेतच घात व्हायचा.” पहिले दोन आठवडे घरी साखर तपासून वहीत लिहायची, असे ठरले.

मग त्यांनी कागदावर गणित मांडले. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के मद्यार्क असतो. तीस मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम. म्हणजे माझा रोजचा रतीब ४० ग्रॅमचा. प्रत्येक ग्रॅमला सात उष्मांक, म्हणजे २८०; जवळजवळ तीन पोळ्यांइतके आणि पोषण शून्य. ‘आम्ही फक्त बीअर घेतो’ म्हणणाऱ्यांनीही हिशेब करून पाहावा : ८ टक्के मद्यार्काच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅमच मद्यार्क असतो. मला हुशारी दाखवावीशी वाटली म्हणून मी विचारले, “पण वर्षातला एक महिना वगळतो ना?” त्यांनी तोही वगळला. ३३५ दिवस गुणिले १२० मिलिलिटर. उत्तर आले चाळीस लिटर. कारखान्यात शतांश मिलिमीटरची चूक पकडणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातले वर्षाचे चाळीस लिटर कधी दिसले नव्हते!

आणखी एक गोष्ट त्यांनी समजावली, ती प्रत्येक ज्येष्ठाने लक्षात ठेवावी. वयाबरोबर शरीरातील पाण्याचे प्रमाण कमी होते. त्यामुळे चाळिशीत जेवढी घेत होतो तेवढीच सत्तरीत घेतली, तरी रक्तातील मद्याची पातळी अधिक चढते. माप तेच राहते. माणूस बदललेला असतो.

१८ जुलैपासून माझी वही सुरू झाली. पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त छळले ते झोपेने. दहाला आडवा व्हायचो आणि बारा-एकपर्यंत छताकडे पाहत राहायचो. दारूने झोप येते, हा माझा सिद्धान्त जणू खरा ठरत होता. परंतु डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते की, मद्य झोप लवकर आणते खरे, पण उत्तररात्रीची झोप मोडते; ही विस्कटलेली घडी बसायला काही आठवडे लागतात. झोपेची गोळी मनाने घ्यायची नाही, अशी सक्त ताकीद होती. तिसऱ्या आठवड्यात मी एका रात्री सलग पाच तास झोपलो. लघवीसाठी रात्री तीन-तीनदा उठणे एकावर आले. शरीरात पाणी राखून ठेवणाऱ्या संप्रेरकाला मद्य दाबून टाकते, हे तेव्हा कळले; इतकी वर्षे मी सारा दोष प्रोस्टेटच्या माथी मारीत होतो.

सर्वांत अवघड वेळ संध्याकाळी साडेसातची. हात आपोआप कपाटाकडे जाई. रिकामी झालेली जागा तशीच रिकामी ठेवली तर ती पुन्हा जुन्याच गोष्टीने भरते, हा अनुभव पहिल्या चार दिवसांतच आला. म्हणून साडेसातला मी घरातच थांबेनासा झालो. मंदिरात आरतीला जाणे, घाटावर दोन फेऱ्या, परत आल्यावर कोकम सरबत आणि लगेच जेवण, असा क्रम बसवला. आणखी एक सापळा श्रावणाचाच होता. दारू सुटली की गोडाची आणि तळणाची ओढ वाढते. त्यात उपवासाची साबुदाणा खिचडी आणि बटाट्याचे वेफर. पूर्वीच्या श्रावणांत माझे वजन वाढायचे, त्याचे कारण हेच. या वेळी उपवासाला वरीचा भात, ताक आणि फळ, एवढ्यावर भागवले.

ऑगस्टच्या अखेरीस एका रात्री साडेनऊच्या सुमारास पत्नी मटकी निवडत बसली होती. ती म्हणाली, “अहो, एक सांगू का?” आणि तिने आपल्या धाकट्या बहिणीच्या आजारपणाविषयी सांगितले. मी म्हणालो, “हे एवढे दिवस मला का सांगितले नाहीस?” ती हात न थांबवता म्हणाली, “दिवसा तुम्ही बाहेर, आणि रात्री साडेआठनंतर तुम्हाला काही महत्त्वाचे सांगायचे नाही, हे मी आणि मुलाने केव्हाच ठरवले होते. सांगितलेले सकाळी तुमच्या लक्षात राहत नसे.”

थोड्या वेळाने तिने आणखी एक गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी एका रात्री तिच्या छातीत जड झाले होते. मी शेजारी झोपलो होतो. तिने मला एकदा हलवले, मग वाकडहून मुलाला बोलावून घेतले. दोघे रुग्णालयात गेली, हृदयाचा आलेख काढला, पित्त निघाले, पहाटेपूर्वी परत आली. सकाळी मला चहा मिळाला आणि ‘हा सहज आलाय’ म्हणून मुलगा समोर बसलेला दिसला. मी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवले होते. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच ते ऐकणे कठीण गेले. कोणालाही माझा त्रास नाही, असे मी पंचवीस वर्षे अभिमानाने सांगत होतो. त्रास होऊ नये म्हणून घराने मला रात्रीपुरते वजा करून टाकले होते. त्या रात्री मी काही बोलू शकलो नाही. उरलेली मटकी तेवढी निवडली.

साठ दिवसांनंतरचे आकडे असे : वजन ७८ वरून साडेपंचाहत्तर किलो, रक्तदाब १४८/९० वरून १३४/८२, आणि यकृतावरील ताण दाखवणारे जीजीटी हे विकर ९२ वरून ३४ वर. ग्लिमेपिराइडची मात्रा डॉक्टरांनी कमी केली. हा केवळ माझाच अनुभव नाही. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील संशोधकांनी बरेच मद्य घेणाऱ्या, परंतु त्यावर अवलंबून नसलेल्या निरोगी लोकांना महिनाभर त्यापासून दूर ठेवून पाहिले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात वजन, रक्तदाब आणि इन्सुलिनला होणारा शरीराचा विरोध, हे तिन्ही घटलेले आढळले. मद्यामुळे यकृतात साठलेली चरबीही काही आठवड्यांच्या वर्ज्यतेने ओसरू शकते. मात्र यकृत घट्ट होऊन सिरॉसिस झाला असेल, तर महिनाभराने तो जात नाही. मद्य हे कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले आहे. आणि मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असे संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले. माझ्या परवान्यावरचा विनोद तेव्हापासून मला सुचत नाही.

मग एकसष्टावा दिवस आला. १६ सप्टेंबरला मित्रांची बैठक होती. मी गेलो आणि लिंबू-सोडा घेतला. तीनच दिवसांनी घरी गणपती बसले. पण सारे सरळ झाले, असे सांगितले तर ते खोटे ठरेल. डिसेंबरात एका लग्नात आग्रहाला बळी पडून जुन्या मापाने दोन पेग घेतले. शरीराची सवय मोडलेली, त्यामुळे तेच माप दुप्पट चढले. कार्यालयाच्या पायऱ्यांवर माझा पाय घसरला. मुलाने दंड धरला म्हणून खुब्याचे हाड वाचले. महिनाभराच्या नेमानंतर पुन्हा पहिल्याच मापाने सुरुवात करणे किती धोक्याचे, हे त्या पायरीने शिकवले. त्यानंतर मी घेतलेली नाही.

ज्यांच्या घरात असे कोणी वडीलधारे आहेत, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. बाटली लपवू नका, शपथा घालू नका. आधी किती आणि कोणत्या वेळी घेतली जाते ते पाहा, आणि ते डॉक्टरांना खरे सांगा. पहिल्या चार दिवसांत त्यांना एकटे सोडू नका. थरथर वाढली, आकडी आली, भास होऊ लागले किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. नेम मोडला तर टोमणा मारू नका; पुन्हा मोजणी सुरू करायला मदत करा. एकट्याने जमत नसेल, तर येरवड्याचे मुक्तांगण आपल्यापासून दूर नाही. पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या या केंद्रात कुटुंबीयांनाही उपचारात सामील करून घेतले जाते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा शासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. असे नियम केलेल्या घरांनाही आधाराची गरज असते.

श्रावण पाळणाऱ्या माझ्या समवयस्कांना मी नेम सोडा असे कधीही म्हणणार नाही. महिनाभर सोडणे चांगलेच. फक्त त्या महिन्यात स्वतःला एक प्रश्न विचारा : हा महिना आणखी एक महिना वाढला, तर पोटात खड्डा पडेल का? उत्तर कोणाला सांगण्याची गरज नाही. ते आपल्याला कळले म्हणजे पुरे.

दिव्यांच्या अमावास्येला दिवे मी अजूनही घासतो. पूजेला आता थांबतो. रात्री साडेनऊला ती कधी काही सांगते, मी ऐकतो, आणि सकाळी ते माझ्या लक्षात असते.